काळ्या डोळ्याचा दाणा

सोयाबीन म्हटले की आमच्या लातूरकडच्या माणसाला आधी भाव आठवतो आणि मग तेल. हा दाणा रोजच्या ताटातही असू शकतो, हे नोकरीनिमित्त टोकियोत राहीपर्यंत मला खरे वाटले नव्हते. तिथे मिसोचे सूप, टोफू, आणि धीर असेल त्याला नाट्टो! नाट्टो म्हणजे आंबवून तार सुटलेले सोयाबीन. त्याचा वास पहिल्या दिवशी सोसला की माणूस अर्धा जपानी झाला, असे माझे मत आहे.

गेल्या वर्षी पुतण्याने विचारले, "काका, आपला माल जपानला का धाडू नये?" प्रश्न रास्त होता. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजारात हाती पडत होते त्याहून कितीतरी कमी. जपान तर वर्षाला तीस लाख टनांच्या आसपास सोयाबीन बाहेरून आणतो. शिवाय जनुक बदललेले सोयाबीन पेरायला आपल्याकडे परवानगी नाही, आणि खाण्याच्या दाण्यात जपानी गिऱ्हाईक नेमके हेच पाहते.

मी म्हटले, "अरे, मूठभर दाणे तर आण." जेएस ३३५ चे होते. प्रत्येकाच्या अंगावर काळा ठिपका. तो दाण्याचा डोळा. तेलगिरणीवाल्याला तो दिसतही नाही. नाट्टोवाल्याला मात्र फिकट डोळ्याचा, साडेपाच मिलिमीटरहून बारीक दाणा लागतो. टोफूवाल्याची तऱ्हा निराळी. त्याला प्रथिने भरपूर हवीत. म्हणून अमेरिका-कॅनडातले काही शेतकरी ठरावीक वाण करारावर पेरतात, कापणीयंत्रापासून कोठारापर्यंत सारे झाडून घेतात, परका दाणा मिसळू देत नाहीत. कारण तिथे नवे गिऱ्हाईक वाढत नाही. लोकसंख्याच घटते आहे. जुन्या माणसांच्या जुन्या चवीला उतरायचे, तेही दरवर्षी!

आणि शब्द? २७ जून १९७३ रोजी अमेरिकेने देशातले भाव भडकले म्हणून सोयाबीनची निर्यात एकाएकी थांबवली. जपानचे बहुतेक सारे सोयाबीन तेव्हा तिथूनच येई. बंदी काही महिन्यांतच उठली, पण जपानने घेतलेला धसका काही गेला नाही. १९७९ पासून त्याने ब्राझीलच्या सेराडो माळरानात पैसा ओतला, आणि पुढे तोच ब्राझील अमेरिकेचा प्रतिस्पर्धी होऊन बसला. आमच्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात कशी थांबली, ते पुतण्याला सांगावे लागले नाही. त्याचा कांदा तेव्हा खळ्यावरच होता.

तो थोडा वेळ गप्प बसला. मला वाटले, नाद सुटला. पण यंदा त्याने कुठूनसे फिकट डोळ्याचे बियाणे मिळवून दोन एकर पेरले. दसऱ्याच्या सुमारास मळणी झाली. भाड्याचे मळणीयंत्र आधी आपल्या हाताने झाडून घेतो म्हणाला, तेव्हा यंत्रवाला हसला म्हणे. याने दोन तास घेतले, आणि त्या दोन तासांचे भाडेही दिले.