धंद्याचा रकाना

इंग्लंडच्या 1911च्या जनगणनेत विवाहित बायकांना विचारलं होतं, लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यातली किती हयात आहेत आणि किती गेली. विधवांनी हे रकाने भरायचे नव्हते. तरी कितीतरी जणींनी भरले आणि नंतर कचेरीतल्या कारकुनांनी त्यांवर रेघा मारल्या. माझ्या सासूबाईंच्या पणजीच्या कागदावरही तशी रेघ आहे. रेघेखालचे आकडे स्वच्छ वाचता येतात. आठ जन्मली, पाच गेली.

ती लँकाशायरमधल्या प्रेस्टनची. कापड गिरणीत मागावर काम करणारी. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा शेकोटीवरच्या फळीवर एक धोटा ठेवलेला असे. हातभराहून थोडा आखूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. पणजीच्या नातीने, म्हणजे सासूबाईंच्या आईने, गिरणी सोडताना तो घरी आणला होता. माझ्या लेकीने लहानपणी त्याची होडी केली, बाहुल्यांचा पलंग केला. सासूबाई गेल्यावर तो माझ्या टेबलावर आला आणि मगच मला वाटलं, या घरातल्या बायकांची कामं आपल्याला माहीत असायला हवीत. रक्ताचं नातं नसलं म्हणून काय झालं? सासरच्या वडीलधाऱ्यांना आपलं म्हणायला आपण बायका लहानपणापासून शिकलेल्या असतो.

इंग्लंडात 1 जुलै 1837 पासून जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद होते. जनगणना दर दहा वर्षांनी. गरिबाघरच्या बाईचं आयुष्य या दोन्हींच्या मधून दिसेल तेवढंच दिसतं. 1851 साली ती आठ वर्षांची आहे आणि धंद्याच्या रकान्यात तिची गिरणी आहेच. 1844च्या कायद्याने आठ वर्षांच्या मुलांना अर्धा दिवस गिरणीत लावता येई, उरलेला अर्धा दिवस शाळा. त्या शाळेतून तिच्या हाती काय आलं, ते लग्नाच्या नोंदीवर दिसतं. सहीच्या जागी फुली आहे.

1861ची जनगणना 7 एप्रिलला झाली. घरात आईबाप आणि पाच भावंडं, कमावती सगळी कापसावर. पाचच दिवसांनी अमेरिकेत यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, कापूस यायचा थांबला आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. 1862च्या अखेरीला लँकाशायर आणि आसपासची जवळजवळ पाच लाख माणसं मदतीवर जगत होती. प्रेस्टनमधली अ‍ॅव्हनहॅम आणि मिलर ही सुंदर उद्यानं त्याच काळात बेकार गिरणीकामगारांच्या हातांनी तयार झाली. मुलींसाठी शिवणवर्ग निघाले. तिथे बसून शिवलं की थोडे पैसे मिळत. विशीच्या आतबाहेरची ती कुठे जात होती, याचा कागद नाही. पण त्या उद्यानांत मी फिरायला जाते तेव्हा तिथली दगडी पायरी मला नुसती पायरी वाटत नाही.

ज्या गिरण्या चालू राहिल्या त्या मुख्यतः हिंदुस्थानच्या कापसावर. पश्चिम हिंदुस्थानातून येणाऱ्या सगळ्या कापसाला तिथे सुरती म्हणत. त्यात खानदेशचा होता आणि वऱ्हाडचाही. आखूड धाग्याचा, कचरा फार. मागावर ताणा सारखा तुटे, प्रत्येक तुटीला माग थांबवावा लागे आणि मजुरी तर कापडावर ठरलेली. राबणं तेच, हातात पैसे निम्मे. लँकाशायरची माणसं त्या कापसाला मनापासून शिव्या घालत.

माझं माहेर अमरावती जिल्ह्यातलं. आजोबांच्या शेतात कपाशी होती. वेचणीला आलेल्या बायका पाठीला बाक येईपर्यंत ओटीत कापूस भरत, ते मी पाहिलेलं आहे. युद्धाच्या त्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि 1865ला युद्ध संपताच भाव कोसळून पेढ्या बुडाल्या. हा इतिहास शाळेत शिकले होते. तो प्रेस्टनच्या एका मुलीच्या बोटांपर्यंत पोहोचला असेल, हे मात्र धोटा टेबलावर आल्यावरच कळलं.

धोट्याच्या कडेला एक बारीक भोक आहे. कांडी बदलली की नव्या सुताचं टोक त्यातून बाहेर काढायचं. सुईत ओवावं तसं ते जमत नाही, त्याला वेळ लागतो. म्हणून विणकर बायका भोकाला ओठ लावून सूत तोंडाने ओढून घेत. एकाच धोट्याला अनेक जणींचे ओठ लागत. सुताबरोबर तेल, खळ, तंतू, शेजारणीचा खोकला, सगळं तोंडात जाई, दात किडत. लँकाशायरमध्ये ही रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. एकदा मीही भोक ओठांना लावून श्वास आत ओढला. आतून जुन्या तेलाचा कडवट वास आला आणि त्या एका श्वासाने मला जेवढं सांगितलं तेवढं कुठल्या नोंदवहीने सांगितलं नाही. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून या बायका ओठांच्या हालचालींवरून बोलत. बहुतेकींचे कान पुढे गेलेच. सासूबाईंची आईसुद्धा म्हातारपणी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत बसे.

लेकीने दोन्ही घराण्यांचा तक्ता करायला घेतला तेव्हा वडिलांची बाजू भराभर भरली. माझ्या बाजूला पणजोबांच्या वर फक्त पुरुषांची नावं, तीही जमिनीच्या कागदांमुळे. आपल्याकडे त्या काळच्या शिरगणतीचे आकडे छापले गेले, घराघरांच्या याद्या राहिल्या नाहीत. रेघ मारायलासुद्धा आमच्या बाईचा आकडा कुणी लिहून घेतला नव्हता. याचं मला फार वाईट वाटतं. प्रेस्टनच्या बाईच्या मोजक्या ओळी मला त्यामुळेच श्रीमंती वाटतात.

मी गावी आत्याला फोन केला. ती नव्वदीची आहे. तिच्या आजीची सासू कोण होती, असं विचारलं.

‘‘नाव कोनाले ठावं बाई,’’ आत्या म्हणाली. ‘‘पन आजी सांगे, येचनीत तिच्या बराबरीले कोनी येत नोहतं. दोन्ही हातानं येचे.’’

लेकीने धंद्याच्या रकान्यात ते तसंच लिहून घेतलं. आता नाव विचारायला मी दिवाळीनंतर आत्याच्या माहेरगावच्या इतर म्हाताऱ्यांकडे जाणार आहे.