मधमुंग्यांच्या गावात

बालमित्रांनो, ऑस्ट्रेलियाचा नकाशा उघडा आणि अगदी मध्यावर बोट ठेवा. सापडलं ॲलिस स्प्रिंग्ज? तिथून वायव्येला सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या नावाचं छोटंसं गाव आहे. भोवती तांबडी माती, टोचरं गवत आणि मुल्गाची झाडं. या झाडांच्या मुळाशी खणलं की मधमुंग्या सापडतात. काहींचं पोट गोड रसानं फुगून लहान द्राक्षाएवढं होतं बरं का!

इथले आदिवासी सांगतात, की सृष्टी घडत होती तेव्हा त्यांचे पूर्वज मुंगी, साप, इमू अशा रूपांत या भूमीवरून चालत गेले. त्यांच्या वाटेवर डोंगर झाले, पाणवठे झाले. या कथांना ते 'च्युकुर्पा' म्हणतात. मधमुंगीची कथा पापुन्याचीच.

अशा कथा ते वाळूत बोटानं काढत, अंगावर रंगवत. १९७१ साली जेफ्री बार्डन नावाचे शिक्षक इथल्या शाळेत आले. त्यांनी उत्तेजन दिलं आणि गावातल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. आधी मुंग्या गोऱ्या लोकांच्या पद्धतीनं काढल्या होत्या. मग त्या बदलून आपल्या खुणांनी काढल्या. वर्तुळात वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम. इंग्रजी 'यू'सारखी खूण म्हणजे बसलेला माणूस. वाळूत मांडी घालून बसा आणि उठून ठसा पाहा, म्हणजे कळेल!

१९७२ मध्ये चित्रकारांनी 'पापुन्या तुला' ही स्वतःची कंपनी काढली. चित्रं बाहेर विकली जाऊ लागली आणि पेच पडला. काही खुणा पवित्र. त्या परक्यांना दाखवायच्या नसतात. काही वडीलधारे रागावले. मग चित्रकारांनी अशा खुणा वगळल्या, काही ठिपक्यांखाली झाकल्या. शिवाय कथा ज्याची त्याची. वारसा नसेल तर ती रंगवता येत नाही.

क्लिफर्ड पॉसम यांच्या १९७७ च्या 'वार्लुगुलाँग' चित्रात पूर्वज सरड्यानं पेटवलेल्या वणव्याची कथा आहे. २००७ साली ते २४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकलं गेलं. आता ते कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

आणि शाळेची ती भिंत? काही वर्षांतच तिच्यावर साधा रंग फासला गेला. चित्र गेलं, पण कथा राहिली. कारण ती भिंतीची नव्हतीच, त्या जमिनीची होती.

तेव्हा असं ठिपक्यांचं चित्र कुठे दिसलं, तर 'छान नक्षी!' म्हणून पुढे जाऊ नका. ही कुठल्या जागेची, कोणाची कथा, हे आधी विचारा. विचाराल ना?