पुन्हा जन्मलेली गाडी

जुन्या वस्तूंविषयी मनुष्याचे वर्तन मोठे चमत्कारिक असते. वस्तू जुनी होऊ लागली की तो तिला अडगळीत टाकतो. आणि ती पुरेशी जुनी झाली की तिच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतो. मधल्या काळात मोडीत न जाता जी तग धरते, तिचेच भाग्य उजळते.

जॅग्वार कंपनीच्या ई-टाइप मोटारीचे असेच झाले. दोघांनी आपले सामान घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात वेगाने आणि सुखाने जावे, हा या ‘ग्रँड टूरिंग’ जातीच्या मोटारींचा धर्म. 1961 साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. तिचा आकार रेखणारा माल्कम सेयर हा विमानांच्या कारखान्यातून आलेला, गणिती वृत्तीचा मनुष्य. वाऱ्याला अडथळा कमी व्हावा म्हणून त्याने ज्या रेषा गणिताने सिद्ध केल्या, त्यांतूनच सौंदर्य निपजले. त्या वेळी इंग्लंडात तिला सुमारे 2,000 पौंड पडत. पुढे 2008 साली ती कंपनीच मुंबईच्या टाटांनी विकत घेतली. आणि 2017 च्या एप्रिलात जर्मनीतील एसेन येथे त्याच कंपनीने 1965 सालची एक ई-टाइप नखशिखान्त दुरुस्त करून मांडली. आरंभी अशा 10 गाड्या विकावयाच्या होत्या. किंमत 2,85,000 पौंडांपासून पुढे. या योजनेचे नावच मुळी ‘पुन्हा जन्मलेली’ अशा अर्थाचे होते.

परंतु पुन्हा जन्मले ते कोण? गंजलेला पत्रा बदलला, रबर बदलले, बैठकींचे चामडे बदलले, तर मग ‘तीच’ असे काय उरले? एंजिनावर कोरलेला आकडा? थीसियसच्या जहाजाच्या कुजक्या फळ्या अथेन्सचे लोक एकेक करून बदलीत गेले, तेव्हा ग्रीक पंडितांनाही हाच प्रश्न पडला होता. तो मी वर्गात वर्षानुवर्षे मुलांपुढे मांडीत आलो आहे. त्याचे उत्तर मात्र मला आमच्या गावी, केनवडास सापडले.

तेथे गोठ्यालगतच्या पडवीत माझ्या आजोबांची दमणी आहे. वऱ्हाडात बंडी ओझ्यासाठी आणि दमणी माणसांसाठी. जत्रेला जावयाचे, लेकीला माहेरी आणावयाचे, ते या हलक्या गाडीतून. दर उन्हाळ्यात सुतार तिच्या चाकाचा एखादा आरा नाही तर पाटा बदली. लोखंडी धाव सैल झाली की ती गोवऱ्यांच्या आगीत तापवून चाकावर चढवीत, आणि पाणी ओतताच ती आवळून बसे. आजोबांच्या हयातीतच तिचे मूळचे लाकूड कितीसे राहिले असेल! तरी ही आता दुसरी दमणी झाली, असे कोणी म्हटले नाही. ती चालत होती. तेवढ्याने ती तीच होती.

वाहनाचा प्राण त्याच्या लाकडात किंवा पत्र्यात नसतो, तो त्याच्या जाण्यात असतो. आपल्याकडे 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या मोटारींना स्वतंत्र नोंदणी दिली, हे चांगलेच झाले. पण त्यांनी रस्त्यावर यावयाचे ते प्रदर्शनासाठी, जुन्या मोटारींच्या फेरीसाठी, इंधनासाठी किंवा दुरुस्तीसाठी. रोजच्या जाण्यायेण्याची त्यांना मुभा नाही. प्रवासासाठी जन्मलेल्या गाडीने सर्व काही करावे, प्रवास तेवढा करू नये!

यंदा शहरातील एका गृहस्थाने आमची दमणी मागितली आहे. तिला रंग देऊन, घुंगरे लावून तो ती आपल्या उपाहारगृहाच्या दारात उभी करणार आहे. किंमतही बरी देऊ केली आहे. धाकटा भाऊ म्हणतो, “दादा, बैल विकून किती वर्षे झाली! पडवीत वाळवी खाईल, त्यापेक्षा चार लोक पाहतील तरी.” त्याचे म्हणणे खोटे नाही. वाळवीपुढे माझे तत्त्वज्ञान टिकणार नाही.

मी त्याला लिहिले आहे की, विकावयाची तर खुशाल वीक. पण आधी धाव आवळून घे, शेजाऱ्यांची जोडी मागून आण, आणि घरातल्या सगळ्या मुलांना तीत बसवून एकदा शेतापर्यंत ने. हादऱ्यांनी त्यांची अंगे दुखतील. पण दमणी म्हणजे काय, हे त्यांना कळेल. उपाहारगृहाच्या दारात ते कोणालाही कळणार नाही.