तोआ पायोहचें घर

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही मातोश्रींसह सिंगापुरास गेलों, तेव्हां आमचा मुक्काम तोआ पायोह वस्तींत एका स्नेह्यांकडे होता. १९६० सालीं स्थापिलेल्या सरकारी गृहमंडळाची ही जुनी वसाहत. उंच इमारतींच्या तळीं मोकळीं दालनें. तेथें वृद्ध मंडळी पट मांडून खेळत बसतात.

स्नेह्यांनीं घर विकावयास काढिलें होतें. पांच वर्षें स्वतः राहिल्यावांचून असें घर विकतां अगर सबंध भाड्यानें देतां येत नाहीं. दलाल सरकारदरबारीं नोंदलेला असावा लागतो. विकणाऱ्याकडून शेंकडा २ व घेणाऱ्याकडून शेंकडा १ असा सामान्य प्रघात. परंतु तो कायदा नव्हे, दर बोलीनें ठरतो. एकाच व्यवहारांत दोन्ही पक्षांकडून दलाली घेण्यास मात्र सक्त मनाई, आणि घराच्या किंमतीचा पैसा दलालाच्या हातांतून जातां कामा नये.

मातोश्रींनीं विचारिलें, "राहतें घर नातवंडांसाठीं कां ठेवीत नाहीं?"

"काकू, हा ९९ वर्षांचा पट्टा. पन्नास गेलीं. मुदत सरली कीं घर सरकारजमा. उरलीं वर्षें घटतील तसें मोलही घटणार. आज विकलें तर मुलांच्या हातीं कांहीं पडेल."

मातोश्री गप्प झाल्या. पुण्यास आमचा वाडा आहे. त्यास मुदत नाहीं. पण हिस्सेदार अकरा, सही कोणीच करीत नाहीं, आणि मागली भिंत दर पावसाळ्यांत थोडी खचते.

परतल्यावर मातोश्रींनीं सामान सोडण्यापूर्वीं धाकट्या काकांस बोलावणें पाठविलें.