किलोमीटर आणि मिलिमीटर

डेहराडूनला नेमणूक असतांनाची गोष्ट. जुलैचा पाऊस होता आणि मला बैठकीसाठी मसुरीला जायचे होते. घाटातल्या एका वळणावर चालकाने ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना. ओल्या रस्त्यावरून सरकत जाऊन ती कठड्याला घासली तेव्हा कुठे उभी राहिली. पलीकडे दरी होती. दोघेही थोडा वेळ गप्प होतो. मग खाली उतरून त्याने पुढच्या टायरवर हात ठेवला व म्हणाला, "साहब, तीन बार लिखकर दिया है."

परतल्यावर मी फाईल मागवली. चालकाचे तीनही अर्ज तिच्यात होते. त्यांवर लेखाशाखेची टिप्पणी होती की टायरांनी विहित किलोमीटर अद्याप पूर्ण केलेले नाहीत, सबब नवीन खरेदी अनुज्ञेय नाही. तिच्याखाली "सहमत" असा शेरा आणि सही होती. सही माझीच होती.

लेखाशाखेचे काही चुकले नव्हते. लॉगबुकातले आकडे खरे होते व सरकारी पैसा जपणे हे तिचे कामच होते. पण आमचे मानक किलोमीटरमध्ये होते आणि कायद्याचे मानक मिलिमीटरमध्ये आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायर किती धावले हे विचारत नाही, त्यावरील खाचा किती खोल उरल्या हे विचारतो. दुचाकी व तीनचाकीसाठी ही खोली किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांसाठी १.६ मिलिमीटर हवी. या खाचांमधून रस्त्यावरचे पाणी बाजूला फेकले जाते. त्या झिजल्या की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो व ब्रेक असून नसल्यासारखा होतो. घाटातील वळणे आणि सततचे ब्रेक यांमुळे टायर सपाटीवरच्यापेक्षा लवकर झिजतात. लॉगबुकाला मात्र घाट आणि सपाटी सारखीच.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १९० तर अधिकच स्पष्ट आहे. साधारण काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष असलेले वाहन जो चालवतो तो दोषी, आणि जो चालवू देतो तोही. चालकाने काळजी घेतली होती. चालवू देणारा मी होतो.

त्यानंतर आमच्या कार्यालयात टायरच्या प्रत्येक प्रस्तावासोबत खाचेची मोजलेली खोली लिहिण्याची पद्धत सुरू केली. मोजपट्टीला फारसा खर्च आला नाही.

खासगी गाडीचे काय? भाड्याच्या व मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्रासाठी वेळोवेळी तपासणीला जावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षे चालते. मधल्या काळात धुराची तपासणी होते, विम्याची मुदत पाहिली जाते. टायर पाहण्याचे काम मालकावरच राहते. दिल्ली, इंदूर किंवा बंगळूरहून सुटीत गावाकडे गाडीने निघणाऱ्या आपल्यापैकी किती जण ते करतात?

काम दहा मिनिटांचे आहे. खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या बरोबरीला आला की टायर बदलायचा. आतली कडासुद्धा पाहावी, कारण झीज पुष्कळदा तिथे लपलेली असते. फुगवटा आलेला किंवा दोरे दिसणारा टायर खाच खोल असली तरी बाद समजावा. हवा टायर थंड असतांना भरावी आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुधा लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. स्टेपनी विसरू नये.

फाईलवर सही करण्यापूर्वी मी एकदा खाली उतरून गाडीजवळ गेलो असतो, तर चालकाला तीनदा लिहावे लागले नसते. कार्यालयाच्या जिन्याला अवघ्या बावीस पायऱ्या होत्या.