आकडीचा दांडा

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. मामांचं गाव पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात. कोयना कऱ्हाडात कृष्णेला मिळते, म्हणून मामा आले की हमखास म्हणायचे, "तुमच्या नदीत निम्मं पाणी आमचं हाय."

आमच्याकडं कृष्णेचा काठ उंच. काळ्या मातीची दरड सरळ पाण्यात उतरते. गळाला चार-पाच किलोचा कटला लागला, तर तो काठापर्यंत येतो. पण वर उचलताना तंगूस तटकन तुटतो. म्हणून लांब दांड्याची लोखंडी आकडी लागते. आकडी कुठलाही लोहार सळई वाकवून, टोक घासून करून देतो. खरा प्रश्न दांड्याचा.

मी अकरावीला होतो. बाभळीचा दांडा करून बघितला, तो इतका जड की मनगट भरून यायचं. पीव्हीसीचा पाईप हलका, पण वजन आलं की वाकायचा. शेवटी नळाच्या कामातनं उरलेला सहा फुटी जीआय पाईप सापडला. त्याला आकडी वेल्डिंग करून घेतली. पाण्यात पडला तर बुडेल, म्हणून दुसऱ्या टोकाला दोरी बांधली आणि ती मनगटाला गुंडाळली.

मामांनी पाईप हातात घेऊन तोलून बघितला. "आन् मासा तुझ्यापेक्षा जोरकस निघाला तर?" मी नुसता हसलो.

शिमगा होऊन गेला होता. डोहावर मोठा कटला लागला. मी आकडी घातली, त्यानं हिसका दिला आणि माझा पाय दरडीवरनं सुटला. पोहायला येत होतं. पण पाईपात पाणी भरलं, तो तळाला निघाला आणि माझा हात बरोबर घेऊन निघाला. दोरीची गाठ भिजून आवळली होती. मामा दरडीवर पालथे पडले, हातातली वेळूची काठी पुढं केली. वर काढल्यावर विळ्यानं दोरी कापली. पाईप, आकडी, मासा, सगळं डोहात गेलं. घरी मामांनी आईला एवढंच सांगितलं, "पाय घसरला पोराचा."

पुढच्या फेरीला ते एसटीच्या टपावर टाकून वेळू घेऊन आले. जून बघून तोडलेला, भुंगा लागू नये म्हणून ओढ्यात भिजत घालून मग सावलीत वाळवलेला. नवी आकडी त्यांनी बुडख्याकडं बसवली, कारण तिथं वेळू जाड असतो, चिरत नाही. वर जळक्या मोटारीची तांब्याची तार घट्ट गुंडाळली. पोकळ पेरं हाताकडं. मी दोरी आणायला उठलो, तसं म्हणाले, "दोरी नगं. पेरापेरात हवा कोंडलेली हाय, सुटला तर तरंगंल. आन् तूबी सोडायला शीक."

नंतर दोनदा तो दांडा मी सोडला. दोन्ही वेळा मासा गेला आणि दांडा खालच्या वळणावर सापडला.

2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं. मामा तेव्हा नव्हते. पाणी ओसरल्यावर आलो तर लोखंडी पेटी, कपाट, सगळं चिखलात रुतलेलं. कोपऱ्यातला दांडा दिसेना. आईनंच वर बोट केलं. पाण्याबरोबर वर चढलेला तो दांडा आढ्याजवळच्या वाशात अडकून राहिला होता, आकडीसकट.