फी आणि वर्गणी



पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊनच बसा.

आपल्या ग्रुपवर दर महिन्याला एक प्रश्न हमखास येतो. "आम्ही मस्कतला शिफ्ट होतोय, मुलं ९ आणि १४ वर्षांची आहेत, चांगले क्लास सुचवा." मग आपण सगळे तुटून पडतो. अबॅकस, कीबोर्ड, भरतनाट्यम, रोबोटिक्स, स्विमिंग, बॅडमिंटन. फोन नंबर, फी, टायमिंग, गाडी कुठे लावायची, सगळं दहा मिनिटांत मिळतं. छानच आहे, उत्तरं मीही देते. पण "इथे मुलांनी कशात सामील व्हायचं?" असा प्रश्न चौदा वर्षांत मी एकदाही वाचलेला नाही. आजची पोस्ट त्या न विचारलेल्या प्रश्नावर.

मी सीए आहे. वय ४४, लेक बारावीत, मुलगा सहावीत. पैसा खर्च झाला की तो कुठल्या हेडखाली टाकायचा हे माझ्या डोक्यात आपोआप येतं. आमच्याकडे दोघांचे मिळून चार क्लास होते, महिन्याला ९२ रियाल. हेड: फी. फी म्हणजे आपण पैसे दिले, समोरच्याने शिकवलं, व्यवहार पूर्ण. पटलं नाही तर क्लास बदलायचा. यात वाईट काही नाही. पण त्या खोलीत आपलं मूल ग्राहक असतं. एक दिवस गेलं नाही तर कुणाचं काही अडत नाही.

वर्गणीचं तसं नाही. वर्गणी दिली की त्या गोष्टीत आपला वाटा असतो, आणि वाटा आला की कामही मागे येतं. खुर्च्या मांडा, पाण्याचे जार आणा, ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशेजारी बसून मीटिंग करा. आपण लहानपणी हे सगळं न ठरवता शिकलो. आपली मुलं इथे ते कुठे शिकणार?

मस्कतची रचनाच बघा ना. डोंगर आणि समुद्राच्या मधल्या पट्टीत लांबच लांब पसरलेलं शहर, गाडीशिवाय पान हलत नाही. मे ते सप्टेंबर संध्याकाळीही बाहेर उभं राहवत नाही. मुलं एसी फ्लॅटमधून एसी गाडीत, गाडीतून एसी क्लासमध्ये. शेजारी कोण राहतं ते माहीत नसतं, आणि माहीत होईपर्यंत त्यांची बदली होते. त्यामुळे मुलांचा मोकळा वेळसुद्धा आपण विकत आणतो.

याची किंमत इथे असेपर्यंत कळत नाही. मुलं अठरा वर्षांची झाली की कळते. आमच्या ओळखीतला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी कॉलेजसाठी भारतात गेला. हुशार, स्वभावाने गोड, सर्टिफिकेटांची फाइल जाडजूड. पहिलं अख्खं सेमिस्टर तो हॉस्टेलच्या खोलीतून फारसा बाहेर पडला नाही. नाटकाचा ग्रुप होता, ट्रेकिंगचा होता, गणपती बसवणारी मुलं होती. आईने फोनवर विचारलं, अरे जात का नाहीस? तर तो म्हणाला, "मला कुणी बोलावलंच नाही. तिथे नाव कुठे द्यायचं असतं?" तो बावळट नव्हता. आजवर त्याचं नाव प्रत्येक ठिकाणी आई-बाबांनी दिलं होतं, एवढंच. सुट्टीत तो आला तेव्हा चार किलोने उतरला होता. त्याच्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, कारण माझी लेक पुढच्या वर्षी जाणार आहे.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. लहानसं गाव, पण मंडळं किती! भजनी मंडळ, क्रिकेटची टीम, शिमग्याच्या पालखीची व्यवस्था बघणारे मानकरी, आणि चाकरमान्यांचं मुंबईचं मंडळ वेगळंच. माझे काका त्या मुंबईच्या मंडळाचे चिटणीस होते. लालबागच्या एका खोलीत वर्षाची सभा व्हायची आणि जमाखर्च मोठ्याने वाचला जायचा. चहा-साखर इतके, एस.टी. भाडं इतके, शाळेच्या कौलांसाठी इतके. एखादा गिरणी कामगार उठून सरळ विचारायचा, "मागच्या वर्षी कंदिलाचे पैसे धरले होते, मग कंदील आहे कुठे?" आणि काका उत्तर द्यायचे. मी आठ-नऊ वर्षांची, कोपऱ्यात बसून वही धरायची. डेबिट-क्रेडिट पुढे शिकले. पण पैसे चौघांचे असतील तर हिशेब चौघांसमोर द्यायचा, हे त्या खोलीत शिकले.

गाव सोडलेल्या माणसांनी हे फार पूर्वीपासून केलंय. गोव्यातल्या खेड्यांनी मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात 'कूड' काढले. एका गावाचा एक क्लब. बोटीवर काम करणारी माणसं दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरायची, ट्रंक ठेवायची, संध्याकाळी एकत्र प्रार्थना करायची. गावाहून नव्याने आलेल्या पोराला पहिल्या रात्री कुठे जायचं हा प्रश्नच पडायचा नाही. वर्गणी अगदी थोडी, पण ती भरत राहिली म्हणूनच ती खोली टिकली.

तुम्ही म्हणाल, कोकण-गोव्याचं ठीक, ओमानमध्ये काय? ओमानच्या खेड्यात तर हे आपल्याहून जुनं आहे. निझवाच्या बाजूला गेलात तर फलज बघितला असेल, डोंगराखालून येणारा पाण्याचा पाट. देशात असे सुमारे ३००० फलज अजून चालू आहेत, आणि त्यातले पाच २००६ साली युनेस्कोच्या यादीत गेले. आपण तिथे फोटो काढतो, मुलं पाय बुडवतात आणि परत येतो. पण फलज म्हणजे नुसता पाट नाही, ती गावाची संस्था आहे. पाण्यातला प्रत्येकाचा वाटा वेळेवर मोजतात. पूर्वी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजायचे. कारभार बघणारा 'वकील', पाळ्या सांभाळणारा 'अरीफ', आणि वही लिहिणारा 'अमीन अद्-दफ्तर'. वकील आणि दफ्तर, शब्दसुद्धा आपल्या ओळखीचे! काही वाटे कुणा एकाचे नसतात, फलजचेच असतात. ते पाणी भाड्याने किंवा लिलावात देऊन आलेल्या पैशातून दुरुस्ती होते. माझ्या भाषेत सांगायचं तर संस्थेचा राखीव निधी. शेकडो वर्षं चाललेली सोसायटी आहे ही, आणि खजिनदारासकट!

माझ्या ऑफिसमधल्या एका ओमानी सहकाऱ्याचं गाव बिरकत अल् मौझच्या बाजूला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने आम्हाला घरी बोलावलं. मी आणि लेक आत बायकांमध्ये बसलो, नवरा आणि मुलगा 'सबला'मध्ये. सबला म्हणजे गावाची बैठकीची जागा. लग्न, दुखवटा, सणाच्या भेटी, भांडणं मिटवणं, सगळं तिथेच. खजूर, हलवा आणि काहवा. काहवा वाढत होता साधारण माझ्या मुलाच्याच वयाचा एक पोरगा. त्याने माझ्या मुलाला हाताशी घेतलं. दल्ला डाव्या हातात, कप उजव्या हातात द्यायचा, काठोकाठ भरायचा नाही, आणि समोरच्याने कप हलवून 'पुरे' म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा ओतत राहायचं. परतताना गाडीत आमच्या चिरंजीवांना सात जणांची नावं पाठ होती. कोण कुणाचा मामा, कुणाचा गुडघा दुखतो हेसुद्धा. सहा महिने ज्या क्लासला जातोय तिथल्या तीन मुलांची नावं त्याला येत नाहीत.

विचार करा, तो काहवा वाढणारा मुलगा कुठल्या 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'ला जात नसणार. त्याला मोठ्यांच्या जगात एक काम दिलेलं आहे, बस.

खेळाचंही तेच. निझवाच्या रस्त्यावर फंजा लागतं, बहुतेक वेळा आपण न थांबताच पुढे जातो. त्या छोट्या गावाचा फुटबॉल क्लब १९७० चा आहे आणि १९८९ मध्ये त्याने आखाती देशांच्या क्लबांची स्पर्धा जिंकली होती. क्रिकेटचं बघा. २०१६ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये धर्मशालेला आयर्लंडला हरवणाऱ्या ओमानच्या टीममधले बरेच जण दिवसा नोकरी करून खेळणारे होते. सुट्टीच्या दिवशी स्वतःच पिच झाडून खेळणाऱ्यांतूनच अशा टीम उभ्या राहतात.

आता आपल्या मंडळांकडे वळते. इथे संस्था चालवायला परवानगी लागते, लोकांकडून पैसे गोळा करायलाही लागते, आणि ते नियम पाळायलाच हवेत. म्हणून भारतीयांचे बरेचसे कार्यक्रम दारसेतचा इंडियन सोशल क्लब आणि त्याच्या भाषावार विंगच्या छत्राखाली होतात. आपली मराठी मंडळीही मनापासून राबतात, यात शंका नाही. पण या सगळ्यात मुलं कुठे असतात? स्टेजवर. सहा मिनिटांचा डान्स, भाड्याचा नऊवारी ड्रेस, आई-बाबांचे मोबाइल वर, टाळ्या. उतरली की मागच्या खुर्चीत फोन घेऊन बसतात. म्हणजे इथेही ग्राहकच, फार तर कलाकार. सभासद नाहीत.

आमच्या गटात दीड वर्षापूर्वी आम्ही ठरवलं की बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला वर्षभराचं एक काम द्यायचं. एकाकडे माइक आणि साउंड, दोघींकडे पुस्तकांची पेटी, एकाकडे नवीन आलेल्या कुटुंबांना फोन करणं. माझ्या लेकीकडे जेवणाची कुपनं.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला कुपनं गेली २१२ आणि ताटं लागली २१९. ताटाला दोन रियाल, म्हणजे १४ रियालचा फरक. "आई, तू बघ ना," म्हणून ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, कुपनं तुझ्याकडे आहेत, तू शोध. ती केटरिंगवाल्या काकांशी बोलली, स्वयंसेवकांना फोन केले. पाच ताटं साउंडवाल्यांची आणि ढोलवाल्यांची निघाली, त्यांना कुपन द्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दोन ताटांचा पत्ता लागला नाही. तिने हिशेबात तसंच लिहिलं: "२ ताटं, तपशील मिळाला नाही." सभेत तिनेच वाचून दाखवलं. एका ज्येष्ठ काकांनी विचारलं, "ढोलवाल्यांचं जेवण ठरलेलं होतं ना, मग कुपन का नाही?" ती म्हणाली, "काका, पुढच्या वेळी त्यांची वेगळ्या रंगाची कुपनं काढते." ते म्हणाले, बरं. आणि पुढचा विषय निघाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला ते फार आवडलं. त्या पाच मिनिटांत ती कुणाची गुणी मुलगी नव्हती, सभासद होती.

"अहो, पण बारावी आहे!" हे ऐकलंय मी. महिन्याला तीन-चार तास जातात. तेवढे आपण क्लासच्या ट्रॅफिकमध्ये घालवतो.

करून बघायचं असेल तर, आमच्या अनुभवावरून:

१. एक क्लास कमी करा. मुलांनाच विचारा कुठला. आमच्याकडे कीबोर्ड गेला, कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही.

२. काम खरं असू द्या, म्हणजे त्याने केलं नाही तर चौघांचं अडेल असं. "बॅज लावून उभा राहा" हे काम नाही.

३. काम वर्षभराचं असू द्या. एका दिवसाची हौस असते, सवय लागायला वर्ष लागतं.

४. बिघडलं तर लगेच धावू नका. माइक पाच मिनिटं बंद राहिला तर राहू दे.

५. हिशेब मुलांसमोर वाचा, तोट्याचाही.

६. सूर, सोहार, दुक्मला असाल, जवळपास मराठी मंडळ नसेल, तर चार कुटुंबं पुरतात. दर पंधरवड्याला एकाच्या घरी भेटा, पुस्तकांची एक पेटी फिरवा, आणि पेटीची वही एका मुलाकडे द्या. चारही कुटुंबं मराठीच हवीत असंही नाही.

७. यूके, कॅनडात असाल तर आपल्या मंडळाबरोबर गावातल्या क्लबातही शिरा. तिथल्या खेड्यांमध्ये व्हिलेज हॉल, क्रिकेट क्लब, बायकांची वुमेन्स इन्स्टिट्यूट (१८९७ मध्ये कॅनडात सुरू झाली, १९१५ मध्ये ब्रिटनला आली) हे सगळं पगार न घेणारी माणसंच चालवतात. प्रेक्षक म्हणून जाऊ नका. चहाच्या टेबलामागे उभं राहायला माणूस हवाय का, ते विचारा.

आपण इथे कायमचे नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला, उद्या कंपनीने पत्र दिलं की सामान बांधायचं. म्हणूनच मुलांबरोबर जाईल असं काहीतरी द्यायला हवं. नव्या गावात पहिल्या आठवड्यात दार ठोठावून "मी काय करू?" असं विचारता येणं, मला वाटतं, त्यातलं सगळ्यात उपयोगाचं आहे.

तुमच्या मुलाकडे घराबाहेरचं, बिनपैशाचं, ज्याच्यावाचून कुणाचं तरी अडेल असं काय काम आहे? कमेंटमध्ये जरूर लिहा. अजून नसेल तर काय देता येईल तेही लिहा, आपण मिळून शोधू.